दारावरची पाटी : 'ईव्ह' आणि एक टाळलेला प्रश्न

मागच्या व्याख्यानात आपण कांटचं सूत्र पाहिलं : माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये. आज ते एका अमेरिकन टीव्ही मालिकेला लावून बघू. मालिका 'द एक्स-फाइल्स', भाग 'ईव्ह', साल 1993. तत्त्वज्ञानाच्या व्यासपीठावर टीव्ही कशाला, असं काहींना वाटेल. कारण एवढंच, की हा भाग एक खरा प्रश्न उभा करतो आणि उत्तराची वेळ आली की अंग काढून घेतो.

कथा थोडक्यात सांगतो. कनेटिकट आणि कॅलिफोर्निया, देशाची दोन टोकं. दोन्हीकडे एकाच वेळी, एकाच पद्धतीनं, एकेका बापाचा खून होतो. दोन्ही घरांत आठ वर्षांची एकेक मुलगी, टीना आणि सिंडी. दिसायला हुबेहूब एक. मल्डर आणि स्कली तपास करतात तेव्हा कळतं, की दोन्ही जोडपी मूल व्हावं म्हणून एकाच केंद्रात उपचाराला गेली होती. तिथल्या डॉक्टर केंड्रिकनं त्यांना न सांगता भलतेच गर्भ दिले. ही केंड्रिक स्वतःच ईव्ह क्रमांक सात. रशियन असं काही करताहेत या धास्तीनं अमेरिकी सरकारनं शीतयुद्धात गुपचूप माणसं घडवली : मुलगे सगळे ॲडम, मुली सगळ्या ईव्ह, पुढे आकडा.

या भागाचं बळ अभिनयात आहे. मोठ्या झालेल्या सगळ्या ईव्ह हॅरिएट हॅरिस या एकाच अभिनेत्रीनं केल्यात. कोठडीत साखळदंडात बसलेली ईव्ह क्रमांक सहा आपलीच शास्त्रीय माहिती थंडपणे सांगते, तेव्हा अंगावर काटा येतो. तिथे माणूस स्वतःविषयी प्रयोगवहीच्या भाषेत बोलतो आहे.

आता आमचे आक्षेप. पहिला विज्ञानाचा. तुमच्याआमच्यात गुणसूत्रं 46, ईव्हमध्ये म्हणे 56. त्यामुळे ताकद जास्त, बुद्धी जास्त आणि वेडही जास्त. असा गर्भ जगणं अशक्यच, पण कल्पित कथेला तेवढी सूट देऊ. सूट देता येत नाही ती 'जादा गुणसूत्र म्हणजे दुष्टपणा' या समीकरणाला. 1965 साली स्कॉटलंडमधल्या एका बंदिस्त रुग्णालयातल्या तपासणीनंतर, जादा वाय गुणसूत्र असलेले पुरुष हिंसक असतात अशी समजूत पसरली. पुढच्या अभ्यासांत ती टिकली नाही, पण लोकांच्या डोक्यातून लवकर गेलीही नाही. डाउन सिंड्रोमच्या मुलांत गुणसूत्रं 47 असतात. त्या मुलांच्या आईबापांनी हा भाग कसा बघायचा?

दुसरा आक्षेप नीतीचा, आणि आमच्या मते तोच मोठा. गुन्हा झाला कोणावर? आईबापांची फसवणूक झाली, हे उघड आहे. पण मुलींचं काय? केंड्रिक म्हणू शकते, 'प्रयोग केला नसता तर या जन्मल्याच नसत्या. मग तक्रार कसली?' डेरेक पार्फिट यांनी 1984 मध्ये 'रीझन्स अँड पर्सन्स' या ग्रंथात मांडलेला पेच तो हाच. ज्या कृतीमुळे एखादा माणूस मुळात अस्तित्वात आला, त्या कृतीनं त्याचं नुकसान झालं असं म्हणायचं कसं?

आमचं उत्तर असं : अन्याय फक्त नुकसानीच्या हिशेबात नसतो, नात्यात असतो. दुसऱ्याच्या हेतूसाठी, दुसऱ्याच्या आराखड्यानुसार घडवणं आणि जन्मानंतरही नमुना म्हणूनच बघणं, हा तो अन्याय. म्हणजे खरी जबाबदारी जन्मानंतर सुरू होते.

नेमकी इथेच कथा निसटते. मुली खुनी निघतात, केंड्रिकलाही विष देतात. मग त्यांना कोंडलं की प्रेक्षकाला हायसं वाटतं; त्यांचं आपण काय देणं लागतो, हे विचारायलाच नको. शेवटी कोठड्यांच्या दारांवर पाट्या दिसतात : ईव्ह नऊ, ईव्ह दहा. टीना आणि सिंडी ही नावं गेली. प्रयोग करणाऱ्यांनी जे केलं, तेच आता कायदा करतो आहे. दिग्दर्शकानं हे दाखवलं, याचं श्रेय त्याला देऊ. पण पटकथा तिथे क्षणभरही थांबत नाही.

हा प्रश्न आता कल्पित राहिलेला नाही. 2018 मध्ये हे जियानकुई या चिनी शास्त्रज्ञानं, एचआयव्हीपासून संरक्षण मिळावं म्हणून भ्रूणांच्या जनुकांत बदल केल्याचं आणि त्यातून जुळ्या मुली जन्मल्याचं जाहीर केलं. 2019 मध्ये त्याला तीन वर्षांची कैद झाली. शास्त्रज्ञाला शिक्षा द्यायची, हे कायद्याला कळतं. पण त्या मुलींनी कोणाला विष दिलेलं नाही. त्या मोठ्या होतील. त्यांचं रक्त कोण, किती वेळा तपासणार? आणि 'आता पुरे' म्हणायचा हक्क त्यांना असणार की नाही?

हाबरमास यांनी या हक्काविषयी मांडलेला विचार पुढच्या व्याख्यानात घेऊ. तोवर जमलं तर हा भाग बघून या, आणि दारावरच्या त्या पाट्या नीट वाचा.