संक्रमण-वस्तू : प्रतीक, वापर आणि विस्मरण

बालकाने उराशी कवटाळलेली मळकी चिंधी हे मातेचे प्रतीक होय, एवढे सांगून मनोविश्लेषणवादी समीक्षा बहुधा थांबते. डी. डब्ल्यू. विनिकॉट ह्यांची भूमिका ह्याहून सूक्ष्म आहे. १९५१ साली वाचलेल्या आणि १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी ‘संक्रमण-वस्तू’ची संकल्पना मांडली. ही वस्तू मातेच्या स्तनाच्या जागी उभी राहते हे जितके महत्त्वाचे, तितकेच ती स्तन नव्हे, प्रत्यक्ष वस्तू आहे, हेही महत्त्वाचे, असे ते मानतात. बालकाने ती निर्मिली की त्याला ती सापडली, हा प्रश्न विचारायचाच नसतो. ह्याच अनिर्णीत मध्यप्रदेशात विनिकॉट कला आणि धर्म ह्यांच्या अनुभवाचे मूळ शोधतात.

वस्तूचा अंत कसा होतो, हाही ह्या सिद्धान्ताचा गाभा आहे. ती दडपली जात नाही, तिचा शोकही होत नाही. तिचा अर्थ हळूहळू सांस्कृतिक क्षेत्रात पसरतो. ‘प्लेइंग अँड रिअ‍ॅलिटी’ (१९७१) ह्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत विनिकॉट ए. ए. मिल्न ह्यांच्या ‘विनी-द-पू’चा निर्देश करतात. परंतु ह्या कथांना बालमनाचा सरळ दस्तऐवज मानणे धोक्याचे आहे. १९२८ च्या ‘द हाउस अ‍ॅट पू कॉर्नर’चा शेवट निरोपाचा आहे. बालक ज्याचा शोक करीत नाही, त्याचा शोक येथे प्रौढ निवेदक करतो. मूळ अस्वल १९८७ पासून न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या संग्रहात आहे. तेथे ते जपले जाते. चघळले वा मळवले जाऊ शकत नाही. जतन झाले, वापर संपला.

संकल्पनेची सामाजिक मर्यादाही ध्यानात घ्यावयास हवी. गाद्दिनी दांपत्याच्या १९७० च्या इटलीतील आणि हाँग व टाउन्स ह्यांच्या १९७६ च्या कोरियन-अमेरिकन तुलनात्मक अभ्यासांत, जेथे निजताना मातेचा देहसहवास अधिक, तेथे अशा वस्तूंची आसक्ती कमी आढळली. म्हणून तेथील बालपण उणे ठरते काय? तसे नाही. एखादा सूर वा लकबही हे कार्य करू शकते, आणि काही वेळा खुद्द माताच ती वस्तू असते, अशी सोय विनिकॉट ह्यांनीच ठेवली आहे. मराठी घरातील गोधडी येथे विचारार्ह ठरते. आई-आजीच्या जुन्या लुगड्यांची ती गोधडी बालकाला केवळ ‘सापडत’ नाही. आप्तांच्या वापराचा इतिहास घेऊनच ती त्याच्या अंगावर येते. ‘निर्मिलेली की सापडलेली’ ह्या द्वंद्वात ‘दिलेली’ ही तिसरी कोटी त्यामुळे शिरते. साहित्यकृतीही वाचकाच्या हाती अशीच, इतरांनी वापरलेल्या भाषेतून शिवलेली, येते. संहितेला संक्रमण-अवकाश म्हणणाऱ्या समीक्षेने हे दातृत्व वगळले, तर वाचक तेवढा उरतो, परंपरा नाहीशी होते.