तात्या विंचू परत आला, लक्ष्या नाही

'झपाटलेला' (१९९३) माझ्या वयाच्या बहुतेकांनी थेटरात नाही, टीव्हीवर पाहिला. 'चाइल्ड्स प्ले' (१९८८) मधला खुनी बाहुला महेश कोठारेंनी उचलला आणि त्याचा तात्या विंचू केला. भीतीच्या सिनेमाची ती अस्सल मराठी टिंगल होती. जून २०१३ मध्ये तिचा दुसरा भाग थ्रीडीत आला. 'डोकं बाजूला ठेवून बघायचा पिक्चर' म्हणून तो सोडून देता येतो. पण कुणावर हसायचं हे सिनेमा ठरवतो, तेव्हा तो समाजाबद्दलच बोलत असतो.

आधी मंत्राचं बघू. दोन्ही भागांत मंत्र खरोखर चालतो. दुसरा भाग आल्यावर अडीच महिन्यांत, २० ऑगस्टला, पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळात मंजूर झाला. या पार्श्वभूमीवर 'झपाटलेला २' वर अंधश्रद्धेचा आरोप करणं सोपं आहे. मला तो पटत नाही. इथे मंत्र चालतो, पण त्याचा धाक उरत नाही. शाळेतली पोरं तो एकमेकांवर टाकून खिदळतात. ज्यावर पोरगं खिदळतं, त्याच गोष्टीनं त्याला घाबरवणं कोणत्याही बाबाला जड जाईल.

खरी गडबड दुसरीकडे आहे. १९९३ मध्ये तात्या विंचूला लक्ष्याच्या शरीरात शिरायचं असतं. हा लक्ष्या बोलक्या बाहुल्यांचा खेळ करणारा साधा माणूस. बाहुला बोलतो हे तो जीव तोडून सांगतो, पण त्याचं कुणी ऐकत नाही. रुबाबदार इन्स्पेक्टर त्याही सिनेमात होता, तरी जीव लक्ष्याचाच धोक्यात होता. त्यामुळे आपण ज्याच्यावर हसत होतो, त्याचीच काळजीही करत होतो. खालच्या माणसाचं खरं बोलणं वरच्यांना वेडेपणा वाटतं, हे त्या धांदलीत आपोआप सांगून झालं.

लक्ष्मीकांत बेर्डे २००४ मध्ये गेले. दुसऱ्या भागात तात्याला लक्ष्याचा मुलगा हवा असतो. आदिनाथ कोठारेंनी साकारलेला हा मुलगा देखणा आहे, प्रमाण मराठी बोलतो. हसवण्याचं बरंचसं काम मकरंद अनासपुरेंकडे, त्यांच्या गावाकडच्या बोलीसकट. म्हणजे एका लक्ष्याचे दोन तुकडे झाले: एकाकडे प्रेम आणि संकट, दुसऱ्याकडे विनोद. अनासपुरे त्यांचं काम चोख करतात, तक्रार त्यांच्याबद्दल नाही. तक्रार या वाटणीबद्दल आहे.

ही वाटणी मला टोचते, कारण मी बार्शीटाकळीचा. आमच्याकडे पोरगं प्रेमात पडतं तेही 'मले' आणि 'तुले' म्हणतच. घरात कुणी वारलं तरी रडणं वऱ्हाडीतच होतं. पुण्यात नोकरीला लागल्यावर मात्र 'जरा वऱ्हाडी बोलून दाखव ना' अशी फर्माईश येते आणि मी 'काऊन?' एवढं विचारलं तरी टेबलावर हशा पिकतो. त्या लोकांच्या मनात वाईट काही नसतं. बोली म्हणजे विनोद, हे त्यांना पडद्यानं वर्षानुवर्षं शिकवलंय.

'झपाटलेला २' नं हे सुरू केलं नाही, फक्त निमूट पुढे चालवलं. थ्रीडीमुळे बाहुला आपल्या अंगावर येतो, पण गावाकडचा माणूस होता तिथंच, हिरोच्या बाजूला उभा राहतो. तिसरा भाग कधी निघालाच, तर तात्या विंचू ज्याच्या मागे लागेल तो पोरगा एकदा तरी 'मले वाचवा' म्हणून ओरडावा, आणि थेटरात तेव्हा कुणी हसू नये.