सीटी चित्रात दाह दिसतो का?

हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्यांतील दाह आता सीटी चित्रात ‘दिसतो’, असे अधूनमधून वाचायला मिळते. हे विधान तपासून घ्यायला हवे. कारण चित्रात दाह दिसत नाही. दिसतो तो रोहिणीभोवतीचा मेद.

सीटी यंत्र ऊतींनी क्ष-किरण किती अडवले ते मोजते. हे माप हाउन्सफिल्ड एककांत देतात. पाण्याचे माप शून्य, हवेचे उणे १०००, तर मेदाचे साधारणपणे उणे १९० ते उणे ३० असते. रोहिणीच्या भित्तिकेत दाह असला, की तेथून निघणारी रसायने शेजारच्या मेदपेशींना पक्व होऊ देत नाहीत. अशा पेशींत मेद कमी व पाणी जास्त असते. साहजिकच मेदाचा आकडा शून्याच्या दिशेने सरकतो. ऑक्सफर्ड विद्यापीठातील अँटोनियाडीस व सहकाऱ्यांनी हृदयशस्त्रक्रियेत मिळालेल्या ऊतींशी ताडून २०१७ मध्ये हे मांडले. कल्पना निःसंशय सुंदर आहे : घरातली आग शेजाऱ्याच्या भिंतीला हात लावून ओळखायची!

पुढे २०१८ मध्ये जर्मनी व अमेरिकेतील ३९१२ रुग्णांची चित्रे तपासली गेली. माप उणे ७०.१ किंवा त्याहून वर असलेल्यांत हृदयविकाराने मृत्यू येण्याचे प्रमाण बरेच जास्त आढळले. मात्र असे नोंदलेले मृत्यू एकूण ७४च होते, हेही लक्षात ठेवावे. २०२४ मध्ये ब्रिटनमधील ४०,०९१ रुग्णांचा अभ्यास आला. त्यात हृदयविकाराने झालेल्या मृत्यूंपैकी सुमारे ६४ टक्के मृत्यू रोहिणीत मोठा अडथळा नसलेल्यांचे होते. म्हणजे केवळ अडथळे शोधणे पुरेसे नाही, हा संशोधकांचा मुद्दा रास्त आहे.

मग आक्षेप कशाला? एक तर, हे माप क्ष-किरण नळीच्या व्होल्टतेनुसार बदलते. संशोधक त्यासाठी दुरुस्ती करतात. पण दोन यंत्रांवरचे कच्चे आकडे शेजारी ठेवून निष्कर्ष काढता येत नाही. दुसरे, संशोधकांपैकी काहींचा हे तंत्र विकणाऱ्या कंपनीत हिस्सा आहे. तो त्यांनी जाहीर केला आहे हे चांगलेच. तरीही पडताळणी त्रयस्थांकडून व्हायला हवी.

तिसरा आक्षेप सर्वांत महत्त्वाचा. धोक्याचे भाकीत करता येणे आणि त्या भाकितावरून उपचार केल्याने प्राण वाचणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दाह कमी केल्याने हृदयविकाराचे झटके घटू शकतात, हे कॅनाकिनुमॅब या औषधाच्या २०१७ च्या चाचणीत दिसले. पण त्याच चाचणीत जीवघेणे संसर्गही वाढले. तेव्हा सीटीचा आकडा पाहून औषध दिलेले आणि न दिलेले, अशा चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या दोन गटांची तुलना हीच खरी कसोटी. शिवाय या तपासणीत किरणोत्सर्ग व आयोडिनयुक्त द्रव्याचे इंजेक्शन असते. निरोग्यांनी ती हौसेने करून घेऊ नये.

वर्गात हे उदाहरण जरूर घ्यावे. काय मोजले, त्यावरून काय अनुमान काढले आणि काय सिद्ध व्हायचे आहे, असे तीन रकाने विद्यार्थ्यांना भरायला सांगावेत. तिसरा रकाना रिकामा न ठेवणारा विद्यार्थी विज्ञान शिकला असे समजावे.