मैना: मुंबईची आणि निपाणीची

अण्णा भाऊ साठे यांची ‘माझी मैना’ ही छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शाहीर अमर शेख यांच्या पहाडी आवाजाने गाजली. पोटासाठी मुंबईला आलेल्या गड्याचा हा विरह. उत्तरार्धात तोच मराठी मुलखाच्या ताटातुटीचे रूपक होतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव-निपाणी म्हैसूर राज्यात गेले. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. शब्द तेच राहिले, ऐकणाऱ्याचे ठिकाण बदलले. मुंबईकराला ती जिंकलेल्या लढ्याची आठवण. निपाणीत मला तिचा शेवट अजून वर्तमानकाळातच ऐकू येतो.

मग कलाकृतीचे मोल केवळ प्रसंगावरच का? मला तसे वाटत नाही. घोषणा प्रसंगाने तापते आणि प्रसंग सरला की निवते. ही छक्कड टिकली, कारण अण्णा भाऊंनी आधी माणसाची ताटातूट खरी केली, नकाशा मागून आणला. म्हणूनच पूर्वार्ध आपल्या कानडी शेजाऱ्यालाही भिडू शकतो. त्याच्याही घरचे कोणी पोटासाठी परगावी असतेच. आपल्या मेळाव्यांत ती म्हणताना पूर्वार्ध गाळू नये, एवढेच माझे म्हणणे.