विज्जडविड कोठें? स्थलनिश्चितीच्या रूढ रीतीचें परीक्षण

भास्कराचार्यांचें गांव कोणतें, या प्रश्नावर आजवर इतकें लिहिलें गेलें आहे कीं, त्यावर पुन्हां लेखणी उचलावयाची तर कांहीं सबब सांगितली पाहिजे. सबब एवढीच कीं, या वादांत उत्तरें पुष्कळ झालीं. उत्तर काढण्याची रीत मात्र फारशी तपासली गेली नाहीं. प्रस्तुत लेखक खानदेशचा, राहणारा मेहरूणचा. आणि ज्या पाटण्याचा पक्ष आमच्याकडे आग्रहानें मांडला जातो, तें आमच्याच जिल्ह्यांतलें. तेव्हां आपल्या बाजूचा पुरावा आपणच उलटून पाहावा, हें अधिक उचित.

ग्रंथकारानें स्वतः काय सांगितलें आहे तें प्रथम पाहूं. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ (सन १११४) चा. सिद्धान्तशिरोमणि त्यांनीं वयाच्या ३६ व्या वर्षीं, शके १०७२ (सन ११५०) मध्यें रचिला. गोलाध्यायाच्या अखेरीस प्रश्नाध्यायांत ते आपलें गोत्र शाण्डिल्य, पिता महेश्वर, आणि वसतिस्थान सह्य या कुलपर्वताच्या आश्रयास असलेलें विज्जडविड नामक पुर असें सांगतात. विज्जलविड असाही पाठ आढळतो; ड आणि ल यांचा अभेद वैयाकरणांस मान्य असल्यानें त्याचें विशेष वाटूं नये. नांव आणि पर्वत या दोन खुणांपलीकडे त्या पुराचा पत्ता लावण्यास उपयोगी असें तेथें कांहीं नाहीं.

या दोन खुणांवर आजवर बीड, बिदर, विजापूर आणि पाटणें अशीं चार स्थळें उभीं राहिलीं आहेत. कोणी उज्जयिनीही म्हणतात. तिचा निकाल चटकन लागतो. भारतीय ज्योतिषांत मध्यरेखा लंका, उज्जयिनी, कुरुक्षेत्र यांवरून जाते. सिद्धान्तकार कोठेंही राहत असला तरी उज्जयिनीचें नांव त्याच्या ग्रंथांत येणारच. त्यावरून तो तेथें वेधशाळेचा प्रमुख होता असें म्हणणें, म्हणजे ग्रिनिचवरून देशांतर मोजणाऱ्या प्रत्येक नावाड्यास ग्रिनिचचा रहिवासी ठरविण्यासारखें आहे.

बाकीच्या तिघांचा आधार मुख्यतः नामसादृश्य. विजापुराचें जुनें नांव विजयपुर. सन २०१४ मध्यें कर्नाटक सरकारनें तेंच पुन्हां रूढ केलें. विजय शब्दाचा विज्जल होत नाहीं, आणि विड या उत्तरपदाचें पुर होणें त्याहून अशक्य. बिदरचा उल्लेख फैजीच्या लीलावतीच्या फारसी भाषांतरांत (सन १५८७) आहे; तो ग्रंथकाराच्या मागून चारशें वर्षांचा, आणि दक्षिणेशीं प्रत्यक्ष परिचय बेताचाच असलेल्या दरबारांतला. बीडाचें प्रकरण एवढें पोकळ नाहीं. पूर्वपद गळून विड उरलें व त्याचें बीड झालें, ही कल्पना ऐकावयास ठीक वाटते. परंतु मराठींत आरंभींचा वकार सहसा टिकतो. विद्युत् ची वीज झाली, वृश्चिकाचा विंचू झाला, बीज किंवा बिंचू झाला नाहीं. वकाराचा बकार करण्याची खोड कानडीची. बीडचा मुलूख कल्याणीच्या चालुक्यांच्या अमलाखालीं होता हें लक्षांत घेतां तेथें हा विकार अगदींच असंभाव्य म्हणवत नाहीं. पण संभाव्य म्हणजे सिद्ध नव्हे.

नामसादृश्य किती निसरडें असतें याचा अनुभव मजजवळ घरचाच आहे. शिक्षकी पेशांत असतां एकदां वर्गांत व्युत्पत्तीचा विषय चालला होता. विनोदानें मीं सांगितलें कीं, मेहरूण म्हणजे मिहिरारण्य. अर्थात् वराहमिहिर आमच्याच तळ्याच्या कांठीं बसून वेध घेत असला पाहिजे, आणि मधल्या वेळीं बोरें खात असला पाहिजे. मुलें हंसलीं. पुढें बऱ्याच वर्षांनीं एका स्थानिक स्मरणिकेंत "मेहरूण हें प्राचीन मिहिरारण्य होय, असें परंपरेनें सांगतात" असें छापलेलें माझ्या पाहण्यांत आलें. बोरें तेवढीं गाळलीं होतीं. ती परंपरा माझ्यापासून सुरू झाली, हें मीं संपादकांस लिहून कळविलें. पुढील अंकांत दुरुस्ती आली नाहीं. दोष त्यांचा अर्धा, माझा पुरता. इतिहासाचार्य राजवाड्यांनीं ग्रामनामांवरून वसाहतीचा इतिहास शोधण्याची वाट घालून दिली. त्यांचे अनुयायी म्हणविणाऱ्या आम्ही मंडळींनीं त्यांतली व्युत्पत्ति तेवढी उचलली, आणि तिच्यामागचे श्रम सोयीस्कररीत्या विसरलों.

आतां मुनीश्वराची साक्ष. सतराव्या शतकांतील या टीकाकारानें मरीचि टीकेंत विज्जलविड हें सह्याच्या प्रदेशांत, विदर्भाच्या निकट आणि गोदावरीपासून पांच कोसांवर असल्याचें लिहिलें आहे. हें वाक्य दोन्ही पक्ष वापरतात, परंतु अर्धें अर्धें. बीडवाले गोदावरी घेतात आणि पांच कोस सोडतात. बीडाहून गोदावरी दहा-बारा कोस आहे. आम्ही पाटणेंवाले सह्य घेतों आणि गोदावरी सोडतों. पाटण्याहून ती वीस कोसांच्या वर. साक्षीदार खरा मानावयाचा तर दोन्ही गांवें बाद होतात. गोदेच्या कांठचें बासर कोणी सुचविलें आहे, पण तेथें सह्य कोठून आणावयाचा? मुनीश्वर काशीस राहून, मूळ ग्रंथानंतर सुमारें पांचशें वर्षांनीं लिहीत होता. त्यानें ऐकीव माहिती दिली असें समजून ती बाजूस ठेवणें प्रामाणिकपणाचें. तिचे तुकडे करून हवा तो खिशांत घालणें नव्हे.

सह्यपर्वताच्या खुणेंतही आमच्या पक्षाकडून असाच अन्याय घडतो. बीड सह्याद्रीपासून दूर, म्हणून तें त्याज्य, असें आम्ही म्हणतों. पण पाटणें तरी कोठें सह्याद्रीच्या मुख्य धारेवर आहे? तें सातमाळा-अजिंठा रांगेच्या पायथ्याशीं. ही रांग सह्याद्रीची पूर्वेकडे गेलेली शाखा, आणि बीडाजवळचा बालाघाटही तशीच शाखा. एका शाखेस सह्य म्हणावयाचें आणि दुसरीस नाहीं, हें माप दुटप्पी आहे. माझ्या मतें पर्वताच्या खुणेनें विजापूर व बिदर वगळतां येतात; पाटणें आणि बीड यांत निवड करतां येत नाहीं.

निवड होते ती शिलालेखानें. चाळीसगांवच्या नैर्ऋत्येस पाटण्याच्या भवानीमंदिरांत सांपडलेला लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं सन १८६५ मध्यें प्रथम विद्वानांपुढें आणिला. पुढें कीलहॉर्न यांनीं सन १८९२ मध्यें एपिग्राफिया इंडिकाच्या पहिल्या खंडांत तो संपादिला. लेखावरील शक ११२८. भास्कराचार्यांचा नातू, यादवराजा सिंघण याचा ज्योतिषी चांगदेव, यानें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठीं मठ स्थापिला, आणि निकुंभवंशीय सोइदेवानें त्यास दान दिलें, हा त्याचा विषय. त्यांत त्रिविक्रमापासून चांगदेवापर्यंतची वंशावळ आहे. विज्जडविड हें नांव मात्र कोठेंही नाहीं. पाटण म्हणजे पत्तन, नुसतें शहर.

असें असतां या लेखाचें वजन कशांत? माझ्या समजुतीप्रमाणें एका पदांत. भास्कराचार्यांचा पुत्र लक्ष्मीधर याच्याविषयीं सांगतांना लेख म्हणतो कीं, तो सर्वशास्त्रनिपुण आहे असें जाणून जैत्रपालानें त्यास "पुरादतः" नेलें व विद्वानांचा अग्रणी केलें. यांतील अतः हें एतद् सर्वनामास तसिल् प्रत्यय लागून झालेलें पंचम्यर्थी अव्यय. पुरात् शीं तें समानाधिकरण धरिलें तर "या पुराहून" असा अर्थ. आक्षेपक म्हणेल, अतः म्हणजे "म्हणून". मग "नगरांतून" एवढाच बोध उरतो आणि तें नगर कोणतेंही असूं शकतें. परंतु हेतु तर "इति मत्वा" यानें आधींच सांगून झाला आहे; पुन्हां "म्हणून" हा भार कशाला? शिवाय लेखाच्या मराठी भागांत "इयां पाटणीं" असाच जवळचा निर्देश आहे. लेख ज्या गांवीं उभा केला तेंच पुर अभिप्रेत, हा अर्थ सरळ.

जैत्रपाल सन ११९१ च्या सुमारास गादीवर आला; भास्कराचार्यांचें करणकुतूहल शके ११०५ (सन ११८३) चें. म्हणजे पित्याच्या शेवटच्या ज्ञात ग्रंथानंतर थोड्याच वर्षांत पुत्र पाटण्यास होता, आणि राजाश्रय मिळण्यापूर्वीं होता. हें राजानें वसविलेलें घर नव्हे. त्याच तालुक्यांत गिरणेकांठच्या बहाळास शके ११४४ (सन १२२२) चा लेख आहे. तो भास्कराचार्यांचा भाऊ श्रीपति याचा नातू अनंतदेव याचा. एका कुळाच्या दोन शाखा पंधरा-सोळा वर्षांच्या अंतरानें एकाच टापूंत आढळाव्या, याला बीडाकडे तोड नाहीं.

यावरून कुळाची वस्ती पाटण्याच्या परिसरांत होती, एवढें मीं निःशंक मानतों. पाटणें म्हणजेच विज्जडविड, किंवा शके १०३६ मध्यें जन्म तेथेंच झाला, हें मानीत नाहीं. मधल्या पाऊणशें वर्षांत कुटुंब शेजारच्या गांवाहून आलें नसेल असें कोण सांगूं शकेल? आमच्या भागांतल्या व्याख्यानांत व फलकांवर "जन्मस्थान" हा शब्द जसा सर्रास येतो, तसा तो या त्रैमासिकाच्या पानांत येऊं नये.

पोथ्या बाळगणाऱ्या वाचकांकडे एक मागणें आहे. गोलाध्यायाची जुनी प्रत संग्रहीं असेल तर त्या श्लोकांतील ग्रामनामाचा पाठ अक्षरशः, खाडाखोडीसकट उतरून पाठवावा. करणकुतूहलाच्या पोथ्यांत समासावर सोडविलेलीं उदाहरणें असतील तर तेथील पलभाही टिपावी. पाटण्यास ती साडेचार अंगुलांच्या जवळ येते, बीडास चारांहून थोडी अधिक, विजापुरास साडेतीनांच्या किंचित् वर. मात्र साडेचार आढळली म्हणून हर्षभरित होऊं नये. उदाहरण करणारा आपल्या गांवची पलभा घेतो, ग्रंथकाराच्या नव्हे; म्हणून अशा नोंदीबरोबर लेखकाचें नांव, गांव आणि लेखनशक हीं अवश्य कळवावीं.