चित्रकथीची पोथी : रंग, यथादर्शन आणि तोल

संग्रहालयाच्या भिंतीवर काचेआड लावलेले चित्रकथीचे एखादे पान पाहताना पाहणाऱ्याच्या मनात तीन आक्षेप सहज उभे राहतात. रंग मोजके आहेत आणि ते छायाप्रकाशाविना सपाट भरलेले आहेत. यथादर्शनाचा मागमूस नाही. आणि आकृतींचा भार कधी एका अंगाला कलंडलेला, तर कधी दोन्ही अंगांना यांत्रिकपणे वाटून दिलेला आहे. या निरीक्षणांपैकी एकही खोटे नाही. मात्र त्यांवरून काढला जाणारा निष्कर्ष, की ही कला अप्रगत असून लोकजीवनाचा पुरावा एवढेच तिचे मोल, हा तपासून पाहण्याजोगा आहे. कौतुक करणाऱ्यांची स्थितीही फारशी निराळी नाही. तेही या चित्रांना ‘निरागस’, ‘बालसुलभ’ अशी विशेषणे लावतात. म्हणजे उणीव मान्य करून तिला क्षमा करतात. निंदा आणि स्तुती या दोहोंच्या मुळाशी एकच गृहीत आहे: एक पान म्हणजे एक संपूर्ण चित्र. ते गृहीत चुकीचे असेल तर तिन्ही आक्षेपांचा पुन्हा विचार करावा लागेल.

चित्रकथीच्या परंपरेत पूर्ण वस्तू ही पोथी होय. एका आख्यानाची पोथी म्हणजे पाठीला पाठ लावून चिकटवलेल्या कागदांच्या पानांचा संच. पानाच्या दोन्ही अंगांना चित्रे. गायक समोर पाटाला वा फळीला पान टेकवून ठेवतो, तंतुवाद्य, हुडुक व टाळ यांच्या साथीने त्या पानावरील प्रसंग गातो, मध्ये गद्यात सांगतो, संवाद बोलून दाखवतो आणि प्रसंग सरला की पान उलटतो. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळील पिंगुळी येथील ठाकर समाजाने ही परंपरा आजवर राखली आहे; तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाल्याने तिचे नाव वृत्तपत्रांतूनही आले. पैठण परिसरात मिळालेल्या चित्रांमुळे ‘पैठण चित्रे’ हे दुसरे नाव रूढ झाले असून त्यांचा मोठा संग्रह पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आहे. ही चित्रे सामान्यतः अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील मानली जातात. विषय रामायण-महाभारताचे असले तरी वाल्मीकी-व्यासांच्या संहितेपेक्षा लोकाख्यानांच्या जवळचे: अहिरावण-महिरावण, बभ्रुवाहन, सीताशुद्धी. पिंगुळीच्या पोथ्यांतही एकच हात नाही. काही पोथ्यांत रेषा नाजूक व आकृती लहान, तर पैठण वळणाच्या पानांत आकृती कागद भरून टाकणाऱ्या, नाक टोकदार, डोळा विशाल, अलंकारांवर पांढऱ्या ठिपक्यांची रास.

तोलाचा प्रश्न प्रथम घेणे सोयीचे, कारण मराठी सौंदर्यविचाराने त्याला नेमकी परिभाषा दिली आहे. बा. सी. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथात कलाकृतीची घडण संवाद, विरोध आणि समतोल या तीन लयतत्त्वांनी होते असे प्रतिपादिले. ही तत्त्वे चित्राला लावताना सहसा एका चौकटीतील आकार व रंग यांचेच संबंध डोळ्यांसमोर असतात. चित्रकथीत मात्र एका पानावर बिघडलेला तोल पुढच्या पानावर सावरला जाऊ शकतो. युद्धप्रसंगाचे ठरीव पान घ्यावे: दोन रथ समोरासमोर, दोन्ही धनुर्धर एकचष्मी, मध्ये बाणांची गर्दी. एकटे पाहिले तर हे पान तराजूच्या पारड्यांसारखे समतोल आणि म्हणूनच काहीसे निर्जीव वाटते. पण प्रयोगात पुढे जे पान येते त्यात एका बाजूचा रथ मोडतो, योद्धा कोसळतो आणि मघाचा भरलेला कोपरा ओस पडतो. ती पोकळी पोकळी म्हणून जाणवते, कारण प्रेक्षकाच्या डोळ्यांत मागचे पान अजून ताजे असते. पहिल्या पानाचे यांत्रिक समतोलन ही दुसऱ्या पानाची पूर्वतयारी ठरते.

येथे मर्ढेकरांची उपपत्ती अडचणीतही सापडते, आणि ही अडचण विद्यार्थ्यांनी नजरेआड करू नये. मर्ढेकरांना प्रत्येक कलेचे माध्यम शुद्ध हवे होते. चित्राच्या सौंदर्यात चित्रातील कथेला स्थान देण्यास त्यांची भूमिका अनुकूल नव्हती. चित्रकथीतील समतोललय तर कथेच्या धाग्याविना प्रत्ययालाच येत नाही. कोणते पान कोणत्या पानानंतर यावे हे रंग-रेषा ठरवीत नाहीत, आख्यान ठरवते. तेव्हा दोन मार्ग उरतात. एक तर या कलेला मिश्र म्हणून सौंदर्यविचाराच्या उंबऱ्याबाहेर ठेवावे. नाहीतर लय ही काळातूनही साकारते, आणि दृश्य माध्यमातही साकारते, असे मान्य करून तत्त्वाचा विस्तार करावा. दुसरा मार्ग अधिक सयुक्तिक वाटतो. संगीताच्या बाबतीत काळातील लय निमूट स्वीकारायची आणि उलटत्या पानांच्या बाबतीत ती नाकारायची, याला परंपरेच्या सवयीपलीकडे आधार दिसत नाही.

यथादर्शनाच्या अभावाचे समर्थन करताना एक लटका युक्तिवाद वारंवार केला जातो: प्रेक्षक अर्धवर्तुळात बसतात, कडेच्यांना एकबिंदू यथादर्शन विपरीत दिसेल, म्हणून चित्रकाराने ते टाळले. चित्रपटगृहातील कडेच्या खुर्चीवरच्या माणसाचे काही अडत नाही. डोळा ती दुरुस्ती सहज करतो. खरे कारण दुसरीकडे शोधले पाहिजे. यथादर्शन चित्राला एका जागी उभ्या असलेल्या एका डोळ्याशी आणि पर्यायाने एका क्षणाशी बांधते. चित्रकथीचे पान तर एक संबंध प्रसंग गाऊन होईपर्यंत समोर राहते. तेवढ्या वेळात निरोप येतो, विचारविनिमय होतो, राग येतो, शस्त्र उचलले जाते. पान जर एका क्षणालाच खिळले, तर गाणे पुढे जाईल आणि चित्र मागे पडेल. म्हणून आकृती स्थिर मुद्रेत, कुठल्याही एका क्षणाला न जखडलेल्या; हालचाल गायकाच्या शब्दांनी व बोटाने भरायची. शिवाय यथादर्शनात दूरचा माणूस लहान होतो, आणि आख्यानात दूरचा माणूस पुष्कळदा महत्त्वाचा असतो. येथे आकाराचे मान अंतरावरून ठरत नाही, प्रसंगातील अधिकारावरून ठरते. मारुती मोठा, कारण त्या प्रसंगी तो मोठा. दिव्याच्या उजेडात काही हातांवरून पाहणाऱ्या श्रोत्याला तेच वाचता येते.

एकचष्मी चेहऱ्याचेही तसेच. तो दिशा सांगतो: कोण कोणाशी बोलतो, कोण कोणाकडे निघाला. चर्मबाहुल्यांच्या खेळाशी या चेहऱ्यांचे असलेले साम्य अभ्यासकांनी दाखवले आहे, आणि पिंगुळीच्या ठाकरांकडे चामड्याच्या बाहुल्याही आहेतच. येथे सोलापूरच्या अभ्यासकाला एक विशेष सोय आहे. मराठी, कन्नड आणि तेलुगू या तिन्ही भाषा ज्या शहराच्या पेठांतून रोज ऐकू येतात, तेथे बसून तोगलु गोंबेयाट आणि तोलु बोम्मलाट यांना ‘परप्रांतीय’ म्हणणे कठीण. कर्नाटकातील चर्मबाहुलीकार किळ्ळेक्यात आणि आंध्र-तमिळनाडूतील काही बाहुलीकार कुटुंबे घरात मराठीची एक बोली बोलतात, ही गोष्ट या चित्रशैलीचा प्रदेश कोकण वा पैठणपुरता आखणाऱ्यांनी लक्षात ठेवावी अशी आहे. पडद्यावरील सावली ही मुळातच खोली नसलेली. तिच्याशी नाते सांगणाऱ्या चित्रात खोली शोधणे म्हणजे पोवाड्यात ओवीची मात्रा शोधण्यासारखे आहे.

मग यथादर्शन नसणे ही उणीव आहे असे सुशिक्षित डोळ्याला का वाटते? मुंबईत १८५७ साली सर ज. जी. कलाशाळा सुरू झाली. १८९४ साली राजा रविवर्म्याचा छापखाना मुंबईत निघाला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. राम, कृष्ण, सरस्वती, दमयंती या सर्वांना त्याच्या छापील चित्रांनी महाल, कमानी, तलाव आणि मागे विरत जाणारे आकाश दिले. ती चित्रे घराघरांत पोचली आणि देवादिकांचे ‘खरे’ चित्र कसे असते याविषयी मराठी मनाची समजूत तेथे बनली. चित्रकथी तिच्यापुढे ओबडधोबड ठरली ती गुणदोषांच्या विवेचनाने नव्हे, सवयीने.

रंगाबाबत एक जुना दाखला उपयोगी पडतो. सोलापूरहून फार दूर नसलेल्या कल्याणी (आजचे बसवकल्याण) येथून राज्य करणाऱ्या चालुक्य सोमेश्वर तिसऱ्याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात चित्रकलेचे सविस्तर प्रकरण आहे. त्यात वज्रलेप, कुंचले, शंखाचा पांढरा, गेरू, हरताळ, काजळ अशा मूळ रंगांची व त्यांच्या मिश्रणांची चर्चा आहे. आणि चित्रांच्या साहाय्याने कथा सांगणाऱ्या चित्रकथकाचा उल्लेखही याच ग्रंथात सापडतो. या उल्लेखापासून पिंगुळीपर्यंत अखंड परंपरा जोडण्याचा मोह टाळलेला बरा. मधल्या शतकांचा पुरावा तेवढा भक्कम नाही. पण एवढे निश्चित की, कथा सांगण्याची चित्रे ही दख्खनेत राजदरबारालाही ठाऊक असलेली गोष्ट होती.

चित्रकथीतील रंगांचे काम प्रथम ओळख पटवण्याचे आहे. पान उलटल्यावर श्रोत्याने पात्र क्षणात ओळखले पाहिजे. निळसर-हिरवट अंगकांतीचा राम दहाव्या पानावरही तोच राम असला पाहिजे. छायाप्रकाशाने एकाच अंगावर चार छटा आल्या की ही ओळख मंदावते. दुसरे काम प्रसंगाचा ताव सांभाळण्याचे. तांबडा, गेरवा, पिवळा यांचा दाट भराव आणि त्यालगत निळा वा हिरवा, सर्वांना काळ्या बाह्यरेषेचे कुंपण, आणि पृष्ठभूमी बहुधा मोकळी. मोकळ्या कागदाचा उजळ रंग हाही येथे एक रंगच आहे. मिणमिणत्या उजेडात आकृती पुढे येतात त्या त्याच्याच बळावर. हेच पान विजेच्या प्रखर दिव्याखाली भडक दिसते.

अजिंठ्याशी तुलना केल्यास क्रमचित्रणाची दुसरी रीत समोर येते. सतराव्या लेण्यातील विश्वंतर जातकात राजवाडा, नगरद्वार, अरण्य अशा स्थळांनी कथा वाहते. तेच पात्र एकाच भिंतीवर पुन्हा पुन्हा भेटते, आणि पाहणारा चालत जाऊन प्रसंग जोडतो. तेथे चित्र स्थिर व प्रेक्षक चल. पिंगुळीत प्रेक्षक बसलेला आणि चित्र चल. जपानमधील कामिशिबाई या प्रकारात, १९३० च्या सुमारास रस्त्यांवर फार लोकप्रिय झालेल्या, चित्रकथीप्रमाणेच एकेक पत्रा पुढे येतो आणि सांगणारा बोलत राहतो. १९६७ साली सुरू झालेल्या ‘अमर चित्र कथा’ने मात्र गायकाला काढून टाकले. शब्द फुग्यांत गेले, पान चौकटींत विभागले गेले आणि चौकटींत यथादर्शन व छायाप्रकाश परतले. एका अर्थाने हे अपरिहार्यच होते. सांगणारा नसेल तर स्थळ, काळ, हालचाल हे सर्व चित्रानेच सांगितले पाहिजे.

पंढरपूरला जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांचा रामायण चित्रमालेचा प्रयोग या संदर्भात आठवतो. राममनोहर लोहिया यांच्या सूचनेवरून, हैदराबादचे बद्रीविशाल पित्ती यांच्या आश्रयाने, १९६० नंतरच्या दशकात हे काम झाले, आणि चित्रे खेड्यातील लोकांपुढेही नेण्यात आली. आधुनिक चित्रकाराला श्रोत्यांसमोर चित्र मांडावेसे वाटले, ही घटना मोलाची आहे. परंतु त्या चित्रांना ठरलेला गायक नव्हता. प्रत्येक चित्र स्वतःपुरते पूर्ण होते, आणि म्हणूनच पुढे ती वेगवेगळ्या भिंतींवर सुखाने राहू शकली. चित्रकथीच्या पानाला ते जमत नाही.

हे सर्व म्हणताना चित्रकथीचे दोष झाकण्याचे कारण नाही. सभेची दृश्ये एकमेकांसारखी आहेत. काही पोथ्यांत सैन्याच्या रांगा केवळ जागा भरण्यासाठी आल्या आहेत. नक्कल करणाऱ्या हाताने मूळ रेषेचा जोर घालवल्याची उदाहरणे विपुल आहेत. पोथी ही पूर्ण वस्तू मानल्याने वाईट पान चांगले होत नाही. फक्त ते कशाच्या तुलनेत वाईट आहे हे नीट सांगता येते: मागच्या पानाच्या आणि पुढच्या पानाच्या.

नेमके हेच सांगणे दिवसेंदिवस अवघड होत आहे. पोथ्यांची पाने सुटी होऊन देशी-परदेशी संग्रहांत विखुरली. नवे कलावंत बाजाराच्या मागणीनुसार एकेक प्रसंग, बहुधा गणपती वा रामपंचायतन, चौकटीत बसेल असा रंगवतात. साड्यांच्या पदरावर चित्रकथीच्या आकृती येतात. पोट भरण्याचा तो मार्ग आहे, आणि त्याबद्दल त्यांना बोल लावण्याचा अधिकार अभ्यासकाला नाही. संग्रहालये आणि कलाविभाग यांच्याकडून मात्र अधिक अपेक्षा करता येईल: पोथ्यांतील पानांचा क्रम नोंदवणे, कोणत्या पानावर काय गायले जाते याचे ध्वनिमुद्रण चित्राशेजारी ठेवणे, आणि परीक्षेत विद्यार्थ्याला एका पानाचे रसग्रहण न विचारता सलग पाच पानांचे विचारणे. आज काचेच्या चौकटीत लावलेल्या पानाची एक बाजू पाहणाऱ्याकडे असते. दुसऱ्या बाजूवर, जेथे गोष्ट पुढे जाते, तेथे भिंत असते.