चिकातली आंबूस चव

प्रवरेकाठच्या बेलापुरात ऊन तापू लागलं की घराघरांतून एक वास येतो. भिजत घातलेल्या गव्हाचा, ताकाच्या जवळ जाणारा, आंबूस. कुरडयांचे दिवस आले. प्रवरेवरचं भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं. प्रवरेच्या कालव्यांवर या पट्ट्यात ऊस वाढला, तसा रब्बीचा गहूही आला, आणि घरच्या गव्हाच्या कुरडया हा इथला उन्हाळ्याचा हक्क.

कुरडईचं कौतुक होतं ते तळल्यावर फुललेल्या पांढऱ्याशुभ्र जाळीचं. खरी करामत मात्र भिजवणीत आहे. गव्हातलं सत्त्व प्रथिनाच्या चिवट जाळ्यात अडकलेलं असतं. दाण्यावरचे दुग्धाम्ल करणारे जीवाणू पाण्यात जागे होतात, आंबटपणा वाढतो, जाळं सैल पडतं आणि सत्त्व सुटतं. तोच गव्हाचा चीक. रोमच्या काटोनं इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात हीच कृती लिहून ठेवलीय: गहू दहा दिवस भिजवा, रोज दोनदा पाणी घाला, कापडातून पिळा, उन्हात वाळवा, मग दुधात शिजवा. बेलापुरातलं पोर गरम चिकात दूध-साखर कालवून खातं, ते त्याच घराण्यातलं.

बर्लिनची आंबट गव्हाची बिअर, बर्लिनर वाइसे, याच जातीच्या जीवाणूंवर उभी आहे. ती घरी करणाऱ्यांची नेहमीची तक्रार असते की आंबटपणा चढतच नाही. बिअरमधल्या हॉप्सच्या फुलांचा कडूपणा काही जीवाणूंना रोखतो, फार गरम द्रवात ते मरतात, गारव्यात सुस्तावतात. हवा खेळली तर चव व्हिनेगरकडे झुकते. बेलापुरात अडचण उलटी. वैशाखात पारा चाळिशीला टेकतो आणि आंबटपणा माणसाच्या पुढे धावतो. म्हणून रोज पाणी बदलायचं. त्यानं साचलेलं आम्ल आणि घाण जाते, दाण्याला चिकटलेले जीवाणू राहतात, आणि काम ताज्या पाण्यात पुढे सुरू होतं. इतकी साधी आणि इतकी नेमकी युक्ती मला दुसऱ्या कुठल्या वाळवणात दिसत नाही.

गहू तीन दिवस भिजवणं हा रिवाज आहे, नियम नव्हे. जाणती बाई दिवस मोजत नाही, दाणा चिमटीत धरते. दाबल्यावर टरफल एका बाजूला आणि दाट पांढरं दूध दुसऱ्या बाजूला आलं, की गहू वाटायला झाला. दाणा मधे घट्ट लागला तर आणखी एक रात्र. घाई केली तर सत्त्व चोथ्यातच अडकून राहतं आणि चीक कमी पडतो. पाणी बदलायचं राहून गेलं तर वास कुजका होतो, आणि तो शिजवूनही जात नाही. तो गहू टाकलेला बरा. नुसताच आंबट जास्त झाला असेल तर उपाय आहे: बसलेल्या चिकावरची पिवळसर निवळ ओतून द्यायची, ताजं पाणी घालून ढवळायचं, पुन्हा बसू द्यायचं. निवळ काढण्यात कंजुषी केली तर कुरडई लालसर होते, मग सोऱ्या कितीही बारीक असो.

झटपट पिठाच्या कुरडयाही फुलतात, पण तोंडात विरघळताना मागे काही ठेवत नाहीत. आंबवलेल्या गव्हाची कुरडई शेवटी जिभेच्या कडेला किंचित आंबट लागते. बर्लिनच्या त्या बिअरमध्ये आंबटपणा हाच पाहुणा असतो. इथे तो राबतो, पाण्याबरोबर निघून जातो आणि एवढीशी खूण ठेवतो.

ती खूण ओळखायची तर शिजताना घोटलेल्या चिकाला चकाकी आली, तो पळीला चिकटेनासा झाला, की सोऱ्यात भरण्याआधी वाटीभर काढून घ्यावा. साखरेनं आंबटपणा झाकला जातो. वर कच्चं तेल आणि थोडं तिखट, बस्स.